लमदुआनच्या नावाचे डबे

मंगळवार, ४ जून
बान नोंग फाय

लमदुआन,

फोन तू कापतेस, म्हणून कागद पाठवतेय. फाडशील, पण फाडायच्या आधी दोन ओळींवर डोळा पडेलच. तेवढ्यात सांगते. आईला कॅन्सर आहे. गर्भपिशवीच्या तोंडाला.

आता वाचशील ना पुढे? वाच.

चौथीनंतर मी पेन धरलं ते फक्त टपरीवर भाव लिहायला. तेव्हा अक्षराला हसू नकोस. पत्ता तुझ्या कारखान्याजवळच्या आपल्या इकडच्या माणसाच्या दुकानाचा टाकलाय, तो नेऊन देईल. नाही दिला तर त्याच्या दुकानातली मासळी आणखी सडो.

कापायचं नाही म्हणाले डॉक्टर, किरणांचा शेक देऊ. शनिवार-रविवार सोडून रोज शहरात जायचं, मशीनखाली निजायचं, घरी यायचं. शेक लागत नाही, दिसत नाही, वास नाही. पहिले काही दिवस आई म्हणायची, "हे काय, नुसतं निजवतात आणि पैसे घेतात, मी पण उघडते असं दुकान." मग सुरू झालं. शेक पोटातून जातो ना, गाठीबरोबर आतडी पण सोलवटतात. जुलाब. पाण्यासारखे. शेअरच्या पिकअपमध्ये मागच्या बाकावर मी तिच्याखाली नेसायचे दोन जुने पा-सिन घडी करून ठेवते. प्रत्येक पेट्रोल पंपावर गाडी थांबवायला लावते. काल ड्रायव्हर म्हणाला, "सैफिन, आज काय सगळ्या पंपांची पाहणी आहे काय?" मी म्हटलं, "तुझी आई असती तर तू गाडीलाच भोक पाडलं असतंस, गप चालव." मग त्याने पुढच्या पंपावर आपणहून ब्रेक मारला.

आणि ही बाई खात नाही. अंडं नको, जखमेला बाधतं. कोंबडी नको, खाज सुटते. बांबूचे कोंब नको, गाठ फुगते. शेजारच्या बायका येऊन आणखी चार गोष्टी वर्ज्य सांगून जातात. राहिलं काय? भाताची पेज आणि मीठ. मीठ तरी बाधत नाही हे नशीब.

हॉस्पिटलात आहार सांगणाऱ्या बाई आहेत. त्यांनी पावडरचा डबा सांगितला. त्यात दुधातली साखर नाही, म्हणजे जुलाब वाढत नाहीत, आणि ताकद आहे. त्याच्याबरोबर छोट्या पुड्या. त्यात जिवंत जंतू असतात म्हणे, चांगले. शेकाने पोटातले चांगले जंतू मरतात, पुडी ते परत पेरते. गार पाण्यात घालायची, गरम घातलं की मेले. मी विचारलं, "याने गाठ जाईल?" त्या म्हणाल्या, "नाही. गाठ शेकाने जाईल. याने पोट थोडं धरून राहील, सगळ्यांचं राहतंच असं नाही, पण अंगात जोर राहिला तर शेक पुरा होईल." बाई सरळ बोलल्या. मला बरं वाटलं.

डबा घरी आणला तर आई म्हणाली, "औषधाचं पीठ. नको. तूच खा."

मग मी खोटं बोलले. म्हटलं, "लमदुआनने पाठवलंय. तायवानवरून."

बघ, डोळेच बदलले तिचे. डब्यावरून हात फिरवला. डब्यावर आपलीच थाई अक्षरं आहेत, पण तिला कुठे वाचता येतं. "तिने?" म्हणाली. "माझ्यासाठी?"

तुला राग येईल तर येऊ दे. तुझं नाव वापरलं. तू तर वापरत नाहीसच ते आमच्यासाठी.

सैफिन

*

मंगळवार, १८ जून

लमदुआन,

फोन नाही, कागद नाही. बरं.

आई तुझे डबे संपवतेय. हो, तुझेच म्हणायचं आता. मी सकाळी टपरीवर कच्च्या पपईची कोशिंबीर कुटायला जाते, ग्लास, चमचा, डबा सगळं काढून ठेवून. परत येते तर ग्लासाच्या तळाला पांढरं लागलेलं असतं आणि आई म्हणते, "प्यायले. गोड आहे." डबा इतक्या लवकर संपतो की मी दर आठवड्याला नवीन आणते. पुड्या पण संपतात.

आणि वजन उतरतंच आहे. हे मला कळत नाही. जुलाब तसेच. आता रक्ताची रेघ पण येते. परवा पंपावरच्या संडासात बसली ती उठेना. मी आत शिरले, काखेत धरून उचललं तर माझ्या हातात काही आलंच नाही, नुसता ब्लाउज. बाहेर एक बाई रांगेत उभी, म्हणाली, "किती वेळ?" मी काय उत्तर दिलं ते लिहीत नाही.

डॉक्टरांनी मला बाजूला घेतलं. लहान पोरगाच आहे, पण तोंड करतो. "मावशी, तुम्ही देताय ना ते?" मी म्हटलं, "माझ्या डोळ्यांनी ग्लास बघते." "मग वजन का जातंय?" म्हणाला, असंच उतरत राहिलं तर शेक मध्येच थांबवावा लागेल. आणि मध्ये थांबला की गाठीला श्वास घ्यायला सवड मिळते. मग तिला पुन्हा धरता येईलच असं नाही.

कळलं का तुला? थांबला तर गेली.

पावडर खोटी असेल म्हणून मी दुकानात जाऊन भांडले. दुकानदाराने माझ्यासमोर एक चमचा तोंडात टाकला. कोरडाच. खोकत बसला.

तू एक फोन कर तिला. "आई, पी," एवढंच म्हण. तुझ्याशी तिने जे बोलायचं ते बोलून झालं, मला माहीत आहे. बाबांच्या चितेला तू आली नाहीस, तेव्हा ती फोनवर तुला म्हणाली, "माझ्या पण येऊ नकोस." मी शेजारी उभी होते. त्या दिवसापासून तुम्ही दोघी मेलेल्या, आणि मी एकटी जिवंत, दोघींच्या मधे. तू का आली नाहीस ते मला माहीत आहे आणि तिला माहीत नाही. तूच तोंडाला कुलूप घातलंस माझ्या. त्याबद्दल बोलत नाही मी. फक्त फोन कर.

सैफिन

*

गुरुवार, २७ जून

लमदुआन,

आज शीलाचा, विहारात जायचा दिवस होता. ऐक काय झालं.

पपई लवकर संपली, शहराच्या गाडीला वेळ होता, म्हटलं विहारात डोकं टेकवून येऊ. गेले तर सभागृहात लुआंग फो बसलेले. तेच आपले म्हातारे भिक्खू, तुझ्या लहानपणी ज्यांच्या आंब्यावर तू चढायचीस. मागे भिंतीला लागून दानाच्या पिवळ्या बादल्या, साबण, टॉवेल, चहाच्या पुड्या. आणि त्यांच्या शेजारी ओळीने माझे डबे. एकावर एक रचलेले. एक उघडा, त्यात चमचा खोचलेला.

मी म्हटलं, "हे काय?"

लुआंग फो म्हणाले, "तुझी आई देऊन जाते. पोरीने परदेशातून पाठवलंय म्हणाली. चांगलं आहे, सकाळी अन्न घेण्याआधी एक ग्लास प्यायलो की दिवस बरा जातो."

दिसतच होतं. गालांवर तकाकी आलीय म्हाताऱ्याच्या. माझी आई हाडं झाली आणि हे गोल झाले. बाईने भिक्खूला हात लावायचा नसतो म्हणून वाचले ते.

"परत द्या," मी म्हटलं.

"सैफिन, दिलं ते संघाचं झालं. परत नेशील तर पुढच्या जन्मी सुईच्या भोकाएवढ्या तोंडाचं भूत होऊन भुकेली फिरशील."

"फिरेन. या जन्मात आईचं पोट तरी भरेल."

तिथल्या बायका "अगं, अगं" करायला लागल्या. मी म्हटलं, "तुम्ही गप्प बसा, अंडं बंद करणाऱ्या तुम्हीच." मग सांगितलं लुआंग फोंना, हे काय आहे, कशासाठी आहे. त्यांचा चेहरा पडला. खरंच पडला. चमचा काढून पुसला आणि बाजूला ठेवला.

मग म्हणाले, "दर वेळी दानाचं पुण्य पोचवायला ती पाणी सोडते तेव्हा लमदुआनचं नाव घ्यायला लावते. म्हणते, पोरीने बापाला अग्नी दिला नाही. केवढं पाप घेऊन फिरतेय परक्या देशात, तिच्यासाठी पाणी सोडायला कोणी नाही. मी जायच्या आधी जमेल तेवढं फेडते."

कळलं? तू पाठवलंस म्हणून तिला ते स्वतःच्या तोंडात घालवेना. तिने ते तुझ्यावर खर्च केलं. ग्लासाच्या तळाला जे पांढरं लागायचं ना, ते तांदळाच्या धुवणाचं पाणी. रोज माझ्यासाठी ग्लास रंगवून ठेवायची. आयुष्यात तिने मला कधी खोटं सांगितलं नव्हतं, आणि सांगितलं ते एवढ्या निगुतीने.

घरी येऊन भांडले. म्हणजे मीच भांडले, ती चटईवर आडवी होती. म्हटलं, "ते डबे लमदुआनने पाठवलेच नाहीत. मी आणले. मी!"

"तू आणलेस?"

"हो."

"मग तुझं पुण्य तिला गेलं. जाऊ दे. तू बापाला जाळलंस, तुझ्याकडे भरपूर आहे."



"लुआंग फो आता घेणार नाहीत तुझ्याकडून," मी म्हटलं.

"मग नोंग साँगला जाईन. तिकडे सात भिक्खू आहेत."

जाईल ती. सरपटत जाईल.

सैफिन

*

सोमवार, १ जुलै

लमदुआन,

घरातले सगळे डबे मी फोडून ठेवले, दान देता येऊ नये म्हणून. आई म्हणाली, "फोडलेलं देत नाहीत आणि ज्यावर एकदा तिचं नाव घेतलं ते मी गिळत नाही." तसेच पडलेत. मुंग्या लागल्यात. नाक दाबून चमचा घातला तर थुंकली माझ्या हातावर. आईला मारायला हात उचलला मी. मारलं नाही. पण उचलला.

पुढच्या मंगळवारी काट्यावर उभं करणार आहेत. अजून उतरलं असेल तर शेक बंद.

आता ते कुलूप काढ. तुझ्या पाया पडते.

विहाराच्या ज्या भिंतीत बाबांच्या अस्थी आहेत तिला हात लावून मी शपथ घेतली होती, तुझा आवाज कानाला लावून. जे झालं ते आईला सांगणार नाही म्हणून. मी आजपर्यंत नवऱ्याला सुद्धा सांगितलं नाही. बाबांना जाळलं त्या दिवशी तू तिकडच्या हॉस्पिटलात होतीस. आदल्या आठवड्यात तुझा हात मशीनमध्ये गेला, उजवा, मधली तीन बोटं राहिली नाहीत. तू म्हणालीस, तायवानला जा म्हणून आईच मागे लागली होती. तिला कळलं तर ती स्वतःला खाईल. त्यापेक्षा मला नालायक म्हणू दे.

म्हणू दिलं. आता ती तुला नालायक म्हणत नाही, पापी म्हणते, आणि तुझं पाप फेडायला उपाशी मरतेय. नसलेलं पाप! तू जे होऊ नये म्हणून तोंड बंद केलंस तेच होतंय, फक्त उलट्या बाजूने.

लुआंग फोंना विचारलं, शपथ मोडली तर काय होतं. मला वाटलं म्हणतील, आईसाठी चालतं. म्हणाले, "मोडली तर मोडली, ते तुझ्या खात्यात जाईल. मी कशाला खोटं सांगू." एकही माणूस सोपं बोलत नाही माझ्याशी.

पत्राला वेळ लागतो, मला कळतं. पण फोनला लागत नाही. दुकानवाल्याला सांगितलंय, हे हातात पडलं की तिला उभ्या उभ्या वाचायला लाव. "सांग" एवढं म्हण. नाहीतर नुसती घंटी वाजव आणि ठेव, मी समजेन.

मी रोज फोन पपईच्या टोपलीत, समोर ठेवते. गिऱ्हाईक म्हणतं तिखट कमी, मी मिरच्या टाकत जाते.

सैफिन

*

मंगळवार, ९ जुलै

लमदुआन,

घंटी वाजली नाही. मी सांगितलं.

शनिवारी सकाळी. मी नवीन डबा आणला होता, तो तिने शोधून काढला. फडक्यात बांधला, छत्री घेतली आणि नोंग साँगला निघाली. फाटकापर्यंत पोचली आणि फाटकाला धरून उभी राहिली. पायावरून ओघळ आलेला. तिला कळलं सुद्धा नव्हतं.

मी म्हटलं, "आई, तिच्यावर पाप नाही. परत फीर."

"तुला काय माहीत."

"मलाच माहीत. तिचा हात मशीनमध्ये गेला होता. बाबा जळत होते तेव्हा ती हॉस्पिटलात होती. बोटं गेली तिची."

असंच सांगितलं. फाटकात, उन्हात, तिच्या पायावर घाण. मला दुसरं कसं सांगता येत नाही.

आईने माझ्या कानाखाली दिली. जोर नव्हता, पण दिली. "इतकी वर्षं!" म्हणाली. "इतकी वर्षं मी त्या पोरीला…" डबा हातातून पडला. मी तिला तिथेच मातीत बसवलं.

मग म्हणाली, "कुठला हात?"

"उजवा."

"किती बोटं?"

"मधली तीन."

ती स्वतःचा उजवा हात मांडीवर ठेवून बघत बसली. मला वाटलं आता ती स्वतःला शिव्या देईल, मी पाठवलं, मी पाठवलं म्हणून छाती बडवेल, तू म्हणाली होतीस तसं. ते पण झालं, पण नंतर, घरात. शेजारच्या बायका जमेपर्यंत रडली. पण आधी, फाटकात, तिने वर बघून विचारलं, "मग भाताचा गोळा कसा वळते?"

"मला काय माहीत. चमच्याने खात असेल."

"चमच्याने!" जणू काही हेच सगळ्यात वाईट ऐकलं तिने. "चिकट भात चमच्याने?"

मग म्हणाली, "म्हणजे मी कुणाचं फेडत होते?"

"कुणाचंच नाही. लुआंग फोंचं वजन वाढवलंस फक्त."

हसली बघ. नाक गळत होतं, पण हसली. मी तिला धुतलं, पा-सिन बदलला, आणि ग्लास कालवला. समोर ठेवून पाठ फिरवून बसले. मागून घोट ऐकू आले. अर्ध्यावर उलटी झाली. पुसलं, उरलेला अर्धा पुन्हा पुढे केला. "घाई काय आहे," म्हणाली. पण प्यायली. रविवारी तिने पुडी स्वतः फोडली. वर मलाच म्हणते, "गार पाणी घे, गरम घेतलंस तर मरतात ते." महिनाभर हे मी ओरडून सांगतेय! शेजारीण अंड्याबद्दल बोलायला आली तर म्हणाली, "बाधलं तर मला बाधेल, तू जा."

आज काट्यावर उभं केलं. वाढलेलं नाही. उतरलेलं पण नाही. डॉक्टर पोरगा आकडा लिहून म्हणाला, "चालू ठेवू. पण पुढच्या आठवड्यात पुन्हा बघणार." आहाराच्या बाई म्हणाल्या, एवढ्यावर नाचू नका, शेकाचे अजून दिवस आहेत, पोट पुन्हा बिघडू शकतं. नाचतंय कोण. येताना दोनदाच गाडी थांबवली. ड्रायव्हर म्हणाला, "आज पाहणी लवकर उरकली." आई आतून म्हणाली, "तुझी पण करते, थांब."

तुझी शपथ मोडली. जे व्हायचं ते माझं होईल. तुला विचारलं होतं, तू बोलली नाहीस, आता माझ्यावर चिडायचं असेल तर फोन करून चीड.

आता जे लिहायला बसले ते लिहिते. मघाशी स्वयंपाकघरात गेले तर आई चुलीजवळ एकटी, पुढ्यात भाताची टोपली. उजव्या हाताची मधली तीन बोटं दुमडून तिने चिंधीने बांधून टाकली होती. गाठ दातांनी मारली असणार. अंगठा आणि करंगळी यांच्यात भात धरून वळत होती. गोळा सुटायचा, मांडीवर पडायचा, ती परत उचलायची.

मी म्हटलं, "काय चाललंय हे?"

"गप," म्हणाली. "बघतेय जमतं का."

मी दारात उभी राहिले. कितीतरी वेळाने एक गोळा राहिला. वाकडा, चपटा, पण राहिला. तिने तो मिठात टेकवला आणि तोंडात टाकला. चावला. गिळला. पेजेशिवाय तिच्या तोंडात भात गेलेला मी कधी पाहिला होता, आठवत नाही.

"जमतं," ती म्हणाली. "लिही तिला. भात जरा कोमट असतानाच घ्यायचा, आणि करंगळी खालून लावायची. वरून नाही."

सैफिन